दोन द्रवांच्या सीमेवर विजेचं क्षेत्र: लाट आवरायची की उठवायची?

तरंगलांबी (धागाकर्ती)

दोन सपाट काचा, मध्ये जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट, फटीत दाट तेल. वरच्या काचेला मधोमध भोक आहे आणि त्यातून रंगीत पाणी हळूहळू आत सोडलंय. पाण्याचं वर्तुळ मोठं होत जाईल अशी आपली अपेक्षा असते आणि थोडा वेळ तसं दिसतंही. मग कडेला फुगवटे येतात, फुगवट्यांची बोटं होतात, बोटांना फाटे फुटतात. शेवटी पाणी तेलाला बाहेर ढकलायचं सोडून तेलातून वाट काढत काठाला पोचतं. बरंचसं तेल जागच्या जागी राहतं.

हेन्री हेले-शॉ यांनी अशा काचा १८९० च्या दशकात प्रवाहरेषा डोळ्यांना दिसाव्यात म्हणून वापरल्या होत्या. बोटांचं गणित फिलिप सॅफमन आणि जी. आय. टेलर यांनी १९५८ साली मांडलं. त्याआधी १९५२ मध्ये हिल यांनी साखर शुद्धीकरणाच्या स्तंभांमध्ये हाच प्रकार टिपला होता. साखरेच्या दाट द्रावणाला पाण्याने ढकलायला गेलं की पाणी मधूनच निसटतं. खनिज तेलाच्या विहिरींची हीच रड आहे.

कारण फार खोल नाही. फटीतून द्रव ढकलायला लागणारा दाब चिकटपणाच्या प्रमाणात वाढतो. सीमेचा एखादा भाग जरा पुढे सरकला की त्याच्यासमोर दाट द्रवाचा पल्ला कमी उरतो आणि मागे पातळ द्रव असतो. त्या वाटेवरचा अडथळा घटला, म्हणून तो भाग आणखी पुढे पळतो. पृष्ठताण विरोध करतो, पण त्याचा धाक फक्त बारीक सुरकुत्यांना. रुंद फुगवटे त्याला जुमानत नाहीत. या ओढाताणीतून एक लांबी सगळ्यांत वेगाने वाढते. पाण्याचा चिकटपणा नगण्य धरला तर ती काढणं सोपं आहे: फटीची जाडी गुणिले पाय (π), भागिले केशिका अंकाचं वर्गमूळ. केशिका अंक म्हणजे चिकटपणा गुणिले वेग भागिले पृष्ठताण. पाण्याच्या शंभरपट चिकट तेल, सेकंदाला १ मिमी वेग, मीटरला ०.०२ न्यूटन पृष्ठताण आणि वरची अर्ध्या मिमीची फट घेतली तर उत्तर येतं सुमारे २२ मिमी. म्हणजे बोटं नुसत्या डोळ्यांनी दिसणारी.

आता धाग्याचा विषय. पाण्यात पॉलिमर घालून ते दाट करणं हा जुना उपाय. पण द्रव तेच ठेवून, भांडं तेच ठेवून, बाहेरून फक्त विजेचं क्षेत्र कमी-जास्त करून ही सीमा सरळ राखता येईल का? मोहम्मद मिर्झादेह आणि मार्टिन बझांट या दोघांनी २०१७ साली याचा सिद्धांत मांडला आणि २०१९ मध्ये त्यांच्या गटाने पाणी आणि तेल घेऊन हेले-शॉच्या काचांमध्ये प्रयोगही केला. क्षेत्राच्या दिशेनुसार बोटं दबतात किंवा चेकाळतात.

यामागे इलेक्ट्रो-ऑस्मोसिस आहे. रॉयस यांनी मॉस्कोत १८०९ च्या आसपास पाहिलेली ही गोष्ट: पाणी काचेला लागलं की काचेवर ऋण भार बसतो आणि त्याला चिकटून पाण्यात धन आयनांचा अगदी पातळ थर जमतो. फटीच्या लांबीने क्षेत्र लावलं की हा थर सरकतो आणि बाकीचं पाणी सोबत ओढतो. भिंतीलगतचा झीटा पोटेन्शिअल (भिंतीच्या भाराचं व्होल्टमधलं माप, थोडक्यात झीटा) ०.१ व्होल्ट आणि क्षेत्र सेंटीमीटरला १०० व्होल्ट असेल तर पाणी सेकंदाला ०.७ मिमी वेगाने सरकतं. पंप नाही, दाब नाही. या वेगात फटीची जाडी कुठेही येत नाही, हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता ढकलणारे दोघं झाले, दाब आणि वीज. एकूण वेग ठरलेला असेल तर वीज जितका भार उचलेल तितका दाबाचा उतार कमी पुरतो. सीमा टिकणार की फुटणार हे ठरतं दोन्ही बाजूंच्या दाब-उतारांच्या फरकावर. विजेने दाट द्रवाला जास्त रेटा दिला, किंवा पातळ द्रवाला मागे खेचलं, तर हा फरक घटतो, शून्य होतो, उलटाही होतो. उलटा झाला की पुढे आलेला फुगवटा आपोआप मागे पडतो.

जाणकारांनी भर घालावी.

काठावरची

अर्धं डोक्यावरून गेलं, पण बोटांचं कारण पहिल्यांदाच नीट कळलं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

शंकासुर

वाचतोय. एक मूलभूत शंका. तेल विद्युतरोधक. त्यातून प्रवाहच जाणार नाही, भिंतीलगत आयनांचा थर जमणार नाही, मग वीज 'दाट द्रवाला रेटा' देणार कुठून?

तरंगलांबी

@शंकासुर, योग्य जागी बोट ठेवलंत. सिद्धांताच्या साध्या रूपात दोन्ही द्रव थोडेफार वाहक आहेत. प्रवाह एकाच्या पोटातून निघून दुसऱ्यात शिरतो, म्हणून प्रवाहाची घनता दोन्हीकडे सारखी. ज्याची वाहकता कमी त्याच्यात क्षेत्र जास्त बसतं आणि त्याला ऑस्मोसिसचा रेटाही जास्त मिळतो. म्हणजे ढकलला जाणारा दाट द्रव कमी वाहक असला तर प्रवाहाच्या दिशेनेच क्षेत्र लावायचं. काचेवर ऋण भार असल्याने धन टोक आत येण्याच्या बाजूला.

निव्वळ रोधक तेल असेल तर त्याला थेट काही करता येत नाही. तेव्हा खेळ पाण्याच्या बाजूने खेळायचा, किंवा काच पाणी धरून ठेवणारी असेल तर भिंतीला चिकटून राहिलेल्या पाण्याच्या पातळ थरातून. पाणी एकटंच वाहक असेल तर दिशा उलटी: पाण्याला मागे ओढायचं.

ओहमचा वारस

धागा उत्तम. पण इथे सगळे 'बटण फिरवलं की झालं' या चालीवर नाचायला लागायच्या आत आकडे मांडू.

ऑस्मोसिसच्या वेगाच्या सूत्रात चिकटपणा भाजकात आहे. दाब-उतार काढताना तोच चिकटपणा गुणून परत येतो. दोन्ही एकमेकांना खातात. उरतं काय? एका बाजूला दोन द्रवांच्या चिकटपणातला फरक गुणिले वेग. दुसऱ्या बाजूला परावैद्युतांक (द्रव विजेच्या क्षेत्राला किती दाद देतो त्याचं माप) गुणिले झीटा गुणिले क्षेत्र. यात चिकटपणा नाही आणि फटीची जाडीही नाही.

धागाकर्तीचंच तेल घ्या: ०.१ पास्कल-सेकंद, वेग १ मिमी. गुणाकार मीटरला १०० मायक्रोन्यूटन. विजेची बाजू, पाण्याचा परावैद्युतांक आणि सेंटीमीटरला १०० व्होल्ट धरून, मीटरला ०.७ मायक्रोन्यूटन. शंभराहून अधिक पट तोकडी! बरोबरी करायला सेंटीमीटरला १४ किलोव्होल्ट लागतील. नाहीतर वेग सेकंदाला ७ मायक्रोमीटरवर आणायचा, म्हणजे तासाला २५ मिमी. इतक्या संथ प्रवाहात वीज जिंकते, हे मान्य. पण मग तेवढ्याच संथपणात पृष्ठताणही बरंच काम फुकटात करतो. केशिका अंक दीडशेपटीने घटला की तुमची २२ मिमीची बोटं पाव मीटरच्या पुढे जातात आणि छोट्या काचेत मावतच नाहीत.

भूजलवाला

@ओहमचा वारस, गणित बरोबर, पण 'तासाला २५ मिमी' ऐकून हसू नका. तेलक्षेत्रात विहिरींपासून लांब, खडकात पाण्याची आघाडी दिवसाला साधारण एक फूट सरकते. म्हणजे सेकंदाला साडेतीन मायक्रोमीटर. तुमच्या आकड्याच्या निम्मी. आणि तिथे अंतर शेकडो मीटर, त्यामुळे बोटांना जागा भरपूर.

ओहमचा वारस

वेग जुळला. आता व्होल्ट मोजा. सेंटीमीटरला १०० व्होल्ट, विहिरींतलं अंतर १०० मीटर. दहा लाख व्होल्ट, जमिनीखाली. आणि तिथलं पाणी खारं. समुद्राच्या पाण्याची वाहकता मीटरला ५ सीमेन्स धरली तर घनमीटरला ५० कोटी वॅट उष्णता. तेवढ्यात पाणी दर सेकंदाला शंभरेक अंशांनी तापेल. खडकाने जागा व्यापलीय म्हणून आकडा काही पट खाली आणा, तरी वाफच. शिवाय मीठ वाढलं की भिंतीचा झीटा पडतो, म्हणजे रेटा आधीच अर्ध्यावर.

तेलक्षेत्रासाठी हे कल्पनारंजन आहे. हलकं घ्या.

सूक्ष्मनलिका

ओहमभाऊंशी सहमत, फक्त निष्कर्ष वेगळा. इतके दिवस सगळे आवरण्याच्या मागे आहेत. मला उठवायची आहे.

चिपवरच्या नलिकांमध्ये, समजा १०० मायक्रोमीटर रुंदीच्या, दोन द्रव शेजारी शेजारी वाहतात आणि मिसळतच नाहीत. रेनॉल्ड्स अंक (द्रवाचं जडत्व भागिले चिकटपणाचा रोध) एकाच्या खाली, भोवरे उठायची सोय नाही. एका बाजूचा रेणू नुसत्या विसरणाने (आपोआप पसरत जाण्याने) दुसऱ्या बाजूला जायला दहा-वीस सेकंद घेतो, तोवर द्रव नलिकेबाहेर गेलेला असतो. तिथे अस्थिरता म्हणजे वरदान. स्टॅनफर्डमध्ये ऑडी, सँटियागो आणि मिकेल्सन यांनी २००१ साली विजेने ही अस्थिरता मुद्दाम पेटवून मिसळण करून दाखवलं. त्यांच्या गटाने पुढे तिचं गणितही मांडलं.

गंमत म्हणजे तिथे चिकटपणाचा फरक लागतच नाही. फरक लागतो वाहकतेचा. एका द्रवात मीठ जास्त, दुसऱ्यात कमी. मधल्या पट्ट्यात वाहकता बदलते आणि क्षेत्र त्या बदलाच्या दिशेने असेल तर द्रवाच्या पोटात, भिंतीपासून दूर, थोडा निव्वळ भार साठतो. त्या भारावर क्षेत्राची ओढ लागते. सीमा जरा वाकली की क्षेत्र वाकतं, भार हलतो, सीमा आणखी वाकते. एका उंबरठ्याखाली विसरण हे सगळं पुसून टाकतं, वर गेलं की लाटा. थोड्या वर लाटा उठतात आणि प्रवाहाबरोबर खाली वाहून जातात. बऱ्याच वर गेलं की जागेवरच ठाण मांडतात आणि उगमापर्यंत पसरतात. चिप बनवणाऱ्याला या दोन्हींतला फरक माहीत नसेल तर त्याचं नमुने वेगळे करण्याचं काम बिघडतं आणि त्याला कळतही नाही का बिघडलं.

आणि तापण्याचं म्हणाल तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या नलिकेत उष्णता भिंतीतून झटकन निघून जाते. तुमचे सेकंदाला शंभर अंश तिथे साठतच नाहीत.

काठावरची

म्हणजे एकच क्षेत्र एकीकडे इस्त्री करतं आणि दुसरीकडे चुरगळतं? दिशेवर अवलंबून आहे की द्रवावर?

पाणकावळा

@काठावरची, दोन्हींवर. आणि इलेक्ट्रो-ऑस्मोसिस हा अलीकडचा गडी आहे; विजेने सीमा हलवण्याचा इतिहास त्याच्याही आधीचा. १६०० साली गिल्बर्टने लिहून ठेवलंय की घासलेलं अंबर थेंबाजवळ नेलं की थेंब शंकूसारखा उठतो.

सीमा आडवी, खालचा द्रव वाहक, क्षेत्र सीमेला काटकोनात. एखादा उंचवटा आला की त्याच्या टोकाशी क्षेत्र दाटतं, ओढ वाढते, उंचवटा वाढतो. गुरुत्व आणि पृष्ठताण त्याला खाली दाबतात. टाँक्स आणि फ्रेंकेल यांनी १९३५ मध्ये वेगवेगळ्या वाटेने हा हिशेब केला आणि टेलर-मॅकईवन यांनी १९६५ मध्ये प्रयोग केले. पाणी आणि हवेसाठी हिशेब केला तर सेंटीमीटरला सुमारे २५ किलोव्होल्टला पृष्ठभाग फुटतो, लाटेची लांबी १७ मिमीच्या जवळ. हवा स्वतः ३० च्या आसपास फुटते, म्हणजे निसर्गाने जेमतेम फट ठेवलीय. काटकोनातलं क्षेत्र बहुधा बिघडवणारंच असतं.

सीमेला समांतर क्षेत्र लावा, दोन्ही द्रव रोधक आणि परावैद्युतांक वेगळे. आता लाट उठली तर क्षेत्ररेषांना सीमा ओलांडावी लागते, ओलांडताना सीमेवर बांधील भार उमटतात आणि ते लाटेला सपाट करायला बघतात. क्षेत्ररेषा म्हणजे सीमेतून ओवलेले ताणलेले दोरे समजा. दोऱ्याला आडवी सुरकुती पाडायला जोर लागतो.

शंकासुर

हे दोरे किती जोराचे? ओहमभाऊंच्या पद्धतीने आकडा हवा.

पाणकावळा

घ्या. जड तेल वर, हलकं तेल खाली: रेली-टेलरची अस्थिरता, वरचं खाली यायला टपलेलं. घनतेतला फरक घनमीटरला ५० किलो, परावैद्युतांक ५ आणि २, पृष्ठताण मीटरला ०.००५ न्यूटन. क्षेत्राशिवाय पृष्ठताण फक्त २ सेंटीमीटरपेक्षा आखूड लाटा थोपवतो. सेंटीमीटरला १० किलोव्होल्टचं समांतर क्षेत्र लावलं की १५ सेंटीमीटरपर्यंतच्या लाटा थोपतात. भांडं ७ सेंटीमीटरचं असेल तर त्यात मावणाऱ्या सगळ्याच लाटा आखूड, म्हणजे जड तेल हलक्याच्या डोक्यावर बसून राहतं, निदान क्षेत्राच्या दिशेने. पापाजॉर्जिऊ, पेट्रोपोलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ आणि २०१४ च्या शोधनिबंधांत या प्रकारच्या नियंत्रणाचं गणित आणि संगणकी अनुकरण सविस्तर केलंय.

तरंगलांबी

'निदान क्षेत्राच्या दिशेने' हे शब्द लोक वगळतात, तुम्ही लिहिलेत म्हणून विशेष आभार. कारण लाटेच्या रांगा क्षेत्राला समांतर असतील तर कोणतीच क्षेत्ररेषा सीमा ओलांडत नाही. दोऱ्याला काही जाणवतच नाही आणि जड तेल त्या दिशेने निवांत खाली उतरतं. कागदावर दोन मितींमध्ये स्थिर आणि प्रत्यक्षात तीन मितींमध्ये अस्थिर. दोन आडव्या दिशांना आळीपाळीने क्षेत्र लावणं किंवा क्षेत्र फिरतं ठेवणं, एवढेच उपाय दिसतात. मग मात्र फिरण्याचा वेग लाट वाढण्याच्या वेगापेक्षा बराच जास्त हवा.

काठावरची

एसी की डीसी? की काहीही चालतं?

ओहमचा वारस

चांगला प्रश्न, आणि इथे दोन्ही पद्धती अगदी वेगळ्या पडतात.

पाणकावळ्याचे दोरे क्षेत्राच्या वर्गावर चालतात. चिन्ह उलटलं तरी ताण तोच, म्हणून एसी चालतो, उलट बराच. इलेक्ट्रो-ऑस्मोसिस क्षेत्राच्या पहिल्या घातावर. एसी लावलात तर अर्धा वेळ पुढे, अर्धा वेळ मागे, बेरीज शून्य. तिथे डीसीच लागतो. आणि डीसी म्हणजे टोकांशी पाण्याचं विघटन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे, आम्ल आणि अल्कली. बुडबुडा फटीत शिरला की तो स्वतःच पातळ द्रव म्हणून नवी बोटं काढतो. म्हणून टोकं वेगळ्या साठवणीत ठेवून मधे आयन जाऊ देणारा पडदा ठेवायचा असतो.

एसीतही वारंवारिता जपून. परावैद्युतांक भागिले वाहकता, हा द्रवाचा भार स्थिरावायचा काळ. नळाच्या पाण्यासाठी तो सेकंदाच्या कोट्यंशात, अतिशुद्ध पाण्यासाठी सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा, चांगल्या ट्रान्सफॉर्मर तेलासाठी कित्येक सेकंद. म्हणजे ५० हर्ट्झला तेल निव्वळ रोधक, पाणी निव्वळ वाहक. डीसीवर वाट बघितली तर तेच तेल गळका रोधक होतं, सीमेवर मुक्त भार जमतो आणि सीमेच्या रेषेतच खेचाखेची सुरू होते. टेलरने १९६६ मध्ये थेंबाच्या आत यामुळे फिरणारे प्रवाह दाखवले. मेल्चर आणि टेलर यांचा १९६९ चा आढावा याच विषयावर. तुम्ही आकडेमोड रोधक समजून केली आणि प्रयोग डीसीवर केला, तर दोन्ही जुळणार नाहीत, सरळ आहे.

आग्यावेताळ

एवढा खटाटोप कशाला? काचा जरा निमुळत्या ठेवल्या, पुढे फट अरुंद होत जाणारी, तरी बोटं दबतात. अल-हौसैनी, त्साई आणि स्टोन, २०१२. वरची काच काढून लवचीक पापुद्रा लावला तरी दबतात, तेही २०१२ चं. काहीच बदलायचं नसेल तर पाणी सोडण्याचा दर वेळेच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी करत न्या, फाटे फुटत नाहीत, बोटांची संख्या कायम राहते. विजेचं लफडं नको, तापणं नको, बुडबुडे नकोत.

तरंगलांबी

@आग्यावेताळ, काचेच्या प्रयोगात तिन्ही गोष्टी चालतात आणि निमुळत्या फटीचा उपाय मला मनापासून आवडतो. पण खडक निमुळता करून मागता येत नाही. आणि आकार एकदा ठरला की ठरला. मध्येच मत बदललं तर काच नव्याने बसवायची. क्षेत्र चालू असतानाच उलटवता येतं. आधी सीमा सपाट ठेवून द्रव हवा तिथे न्यायचा आणि तिथे पोचल्यावर त्याच दोन टोकांवर चिन्ह बदलून तो मिसळायचा, हे इतर कुठल्या उपायाने होत नाही. दर कमी करत नेण्याचा उपाय तर काम लांबवत नेतो.

आग्यावेताळ

'आधी नेऊ, मग मिसळू' हे ऐकायला झकास. पण ओहमभाऊंच्या हिशेबात नेतानाच वेग तासाला २५ मिमी. मिसळायला पोचेपर्यंत विसरणानेच काम झालेलं असेल.

सूक्ष्मनलिका

तो हिशेब पाण्याच्या शंभरपट चिकट तेलाचा. चिपवर दोन्ही द्रव पाण्यासारखेच असतात, चिकटपणात दुपटीचा फरक म्हणजे खूप. फरक ०.००१ पास्कल-सेकंद धरा, सेंटीमीटरला १०० व्होल्टला सेकंदाला ०.७ मिमी वेग झेपतो. १०० मायक्रोमीटरच्या नलिकेत तो चांगला चालता वेग आहे.

कमी_व्होल्ट

या सगळ्याचा सामान्य माणसाला उपयोग काय, कोणी सांगेल का? की शोधनिबंधांची भरताड?

पाणकावळा

कच्च्या तेलात अडकलेले खाऱ्या पाण्याचे थेंब क्षेत्राने एकमेकांकडे ओढून एकत्र करायची पद्धत कॉट्रेल यांनी १९११ मध्ये पेटंट केली, आजही शुद्धीकरण कारखान्यांत त्याच तत्त्वाची टाकी असते. काटकोनातल्या क्षेत्राने उठणारा शंकू, ज्याचा अर्धकोन टेलरने ४९.३ अंश काढला, त्याच्या टोकातून सुटणारी फवार वापरून प्रथिनांसारखे मोठे रेणू वजन-वर्णपटमापकात (मास स्पेक्ट्रोमीटर) घालतात. फेन यांना त्यासाठी २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दोन्ही ठिकाणी अस्थिरता आवरली नाही, कामाला जुंपली.

तरंगलांबी

आणि ही निव्वळ योगायोगाची बाब नाही, असं माझं मत. बिघडवायला क्षेत्राने एकाच लांबीची लाट वाढवली तरी पुरतं. आवरायला सगळ्या लांबींच्या, सगळ्या दिशांच्या लाटा, सगळा वेळ दाबून ठेवाव्या लागतात. म्हणून उठवण्याचे उपयोग शंभर वर्षांपासून बाजारात आणि आवरण्याचे अजून काचेच्या दोन पट्ट्यांत. ते बाहेर येतील तर संथ आणि अरुंद जागेतच.

भूजलवाला

तशी जागा मला माहीत आहे. तेलक्षेत्र सोडा, चिकणमाती घ्या. तिची छिद्रं इतकी बारीक की दाबाने पाणी जवळजवळ हलतच नाही. पण ऑस्मोसिसला छिद्राच्या आकाराची पर्वा नसते, धागाकर्तीने पहिल्याच पोस्टमध्ये 'ध्यानात ठेवा' म्हटलंय ते हेच. लिओ कॅसाग्रांद यांनी १९३० च्या दशकात विजेने चिकणमातीतलं पाणी खेचून उतार घट्ट केले. तिथे क्षेत्र सेंटीमीटरला एखाद-दोन व्होल्ट, आणि पाणी तरीही सेकंदाला अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास हलतं. दाबाने त्याच मातीतून तेवढं पाणी काढायला डोंगराएवढा उतार लागेल. मातीत मुरलेलं दूषित द्रव पाण्याने ढकलून काढायचं असेल आणि पाणी बोटं काढून पुढे निसटत असेल, तर मोठ्या छिद्रांच्या वाटा दाबाला आवडतात, विजेला नाही. सीमा सपाट राहण्याची शक्यता तिथे जास्त.

ओहमचा वारस

सेंटीमीटरला एक व्होल्ट म्हणजे तापण्याचा प्रश्न दहा हजारपटीने कमी. इथे मला विरोध करायला जागा कमी आहे. पण एक खोच: डीसी बरेच दिवस चालू ठेवलात की धन टोकाकडून आम्लाची आघाडी मातीत सरकते. आम्लात सिलिकाचा झीटा घसरतो, पीएच २-३ च्या आसपास शून्याला येतो. म्हणजे ज्या भिंतीच्या भरवशावर रेटा, तीच मागून निकामी होत येते.

शंकासुर

मग भिंतीवरच काही चढवलं तर? झीटा हवा तसा ठेवता येतो का?

तरंगलांबी

काचेवर येतो. धन भाराचा पृष्ठसक्रियक (साबणाच्या जातीचा पदार्थ) चढवला की काचेचा झीटा शून्य ओलांडून धन होतो आणि ऑस्मोसिसची दिशा उलटते. मला यात जास्त रस अशासाठी की ढकलणाऱ्या पाण्यातच तो पृष्ठसक्रियक घातला तर सीमेच्या मागची भिंत धन आणि पुढची ऋण राहील. मग एकाच क्षेत्रात मागचा द्रव मागे आणि पुढचा पुढे रेटला जाईल, म्हणजे हवं ते दोन्ही बाजूंनी. अडचण ही की पृष्ठसक्रियक पृष्ठताणही पाडतो, आणि बारीक सुरकुत्यांवरचा तो एकमेव धाक जातो. कोणता परिणाम भारी पडेल हे वेगावर ठरेल. @ओहमचा वारस, पृष्ठताण निम्म्यावर आणि झीटा मागे +०.०५, पुढे −०.०५ व्होल्ट धरून तुमच्या समीकरणात घालाल का? मी लांबीची बाजू काढते.

ओहमचा वारस

घालतो. पण दोन्ही बाजूंच्या वाहकता सांगा आधी, नाहीतर क्षेत्र कुठे किती बसलं ते कळणार नाही.

तरंगलांबी

मागे मीटरला ०.०१ सीमेन्स, पुढे ०.००१.

सूक्ष्मनलिका

मग दहापट वाहकता-फरक आहे, आणि क्षेत्र त्याच दिशेने. माझीच अस्थिरता तुमच्या मधल्या पट्ट्यात उगवेल. आवरायला निघालात आणि उठवणार आहात :) उंबरठा तपासून मगच व्होल्ट वाढवा.